शेजारच्या गच्चीवरचं गरम पाणी

तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडलं तर काच तडकते, हे मी आठवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवत आलोय. फळ्यावर आकृती काढतो, बाण दाखवतो, परीक्षेत कारणे द्या मध्ये टाकतो. आणि गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर, भर दुपारी, गारखेड्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर उभं राहून मी पाणी तापवायच्या सोलरच्या तापलेल्या काचनळ्यांत स्वतःच्या हातानं गार पाणी सोडलं.

फट्. जरा वेळानं परत फट्. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळं गल्लीत कुणी मान वर करून पाहिलं नाही. मीसुद्धा आधी इकडंतिकडं पाहिलं, कोणाचं पोर फटाके उडवतंय म्हणून. पाण्याची धार चपलेत शिरली तेव्हा कळलं, पोर मीच होतो.

आता शिकलेला माणूस असं कसं करतो, तर त्याला आमच्या गावचं पाणी कारण आहे. म्हणजे मी आहेच, पण पाणीही आहे. आमच्याकडं नळ रोज येत नाही. मधे बरेच दिवस जातात, आणि बायकांना सणवार आठवतात तसे घरोघरी नळाचे दिवस पाठ असतात. त्यामुळं गच्चीवरची टाकी धुवायची तर ती नळ येणार त्या दिवशी सकाळी, हा सगळ्यांचाच रिवाज. तोवर टाकी तळाला गेलेली असते, फेकायला पाणी उरत नाही. मी त्या सकाळी टाकी धुतली, आणि आलोच आहे वर तर सोलरचीही टाकी रिकामी केली. बोअर आटायच्या आधी त्याचंच पाणी वर चढायचं, त्याचा पांढरा क्षार तळाशी साचला होता, तो काढला. निघालेलं पाणी ड्रमात साठवलं, त्यातूनच अंगण धुतलं. स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका.

नळ सकाळी यायचा होता. दहा वाजले, अकरा वाजले, नळ काही येईना. रिकाम्या नळ्या उन्हाकडं तोंड करून बसलेल्या. जेवणवेळ टळल्यावर खाली हौदात गुळगुळ आवाज झाला, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मोटर लावली, टाकी भरली, पळत वर जाऊन सोलरचा कॉक सोडला. पुढचं सांगितलंच.

शेजारच्या गच्चीवर काका पाठीवर ऊन घेत पेपर वाचत होते. आमच्या दोन घरांची भिंत एकच, गच्च्यांच्या मधे कंबरेइतका कठडा. काका एसटीत कंडक्टर होते, पैठण रोडच्या गाडीवर आयुष्य गेलं. त्यांनी पेपर खाली केला.

"मास्तर, काय फुटलं?"

"सोलर."

"सगळा?"

"बघतोय."

"बघा बघा," काका म्हणाले, आणि माझ्याकडं पाहायला नको म्हणून परत पेपर वर धरला. ही त्यांची सभ्यता मी विसरणार नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन. ती दवाखान्यात होती. आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दोन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. सिझेरियन, त्यामुळं मुक्काम लांबलेला.

"अहो, सोलर साफ करायला प्लंबरला बोलावलं का?"

"साफ केला मीच," मी म्हणालो. "एकदम साफ."

पलीकडं तिनं बाळ लेकीकडं दिल्याचं ऐकू आलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली की फोनवरच्या असल्या तयारीचेही प्रकार मला ओळखू येतात. हा प्रकार वाईट होता.

"परवा सोडतायत पोरीला," ती म्हणाली. "लेकरू घरी येतंय. मालिशवाली बाई त्याच दिवसापासून लागणार आहे. तिनं मला निक्षून सांगितलंय, पाणी कढत पाहिजे आणि भरपूर पाहिजे, नाहीतर मी तेल लावणार नाही. तुम्हाला मी काय सांगितलं होतं? हात लावू नका, एवढंच सांगितलं होतं. काही करा म्हणाले होते का? काही करू नका म्हणाले होते."

ते खरंच होतं. जगात एवढं सोपं काम कुणी कुणाला सांगितलं नसेल.

प्लंबर संध्याकाळी आला. वर जाऊन त्यानं नळ्या पाहिल्या, हातानं लांबी मोजली आणि मान हलवली. "सर, ये पुराना साइज है. इधर नै मिलता. पुना से मंगाना पडेंगा."

"किती दिवस?"

"परसों आ जायेंगा."

आमच्याकडं परसों हा एक लवचीक शब्द आहे, हे मला माहीत असूनही मी त्यावर विश्वास ठेवला. वरच्या बाथरूममध्ये एक जुना गिझर होता, तो त्याच्याकडून उघडून घेतला. आत पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या जागी पांढरा दगड. बोअरच्या पाण्यानं कॉइलवर असा थर चढवला होता की ती कॉइल आहे का खडू, सांगता येईना. खडूशी माझा जन्माचा संबंध, पण हा मलाही ओळखता आला नसता.

नवा गिझर आणता आला असता. पण बाळंतिणीची खोली खाली, बाथरूम खाली, आणि खालच्या बाथरूममध्ये गिझरची लाइनच नाही. भिंत फोडून वायर ओढावी लागणार. मी फोनवर हे सुचवलं तेव्हा बायको म्हणाली, "हो, फोडा. लेकरू सिमेंट हुंगतच मोठं होईल." वरून बादल्या खाली आणू म्हणालो, तर म्हणाली, "लोखंडी जिन्यावरून? कढत पाण्याची बादली घेऊन? तुम्ही?" या शेवटच्या तुम्हीमध्ये आमचा सगळा संसार होता.

म्हणून पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातच व्यवस्था लावली. लेक घरी आली. उंबऱ्यात बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. नात माझ्या हातात दिली तेव्हा ती दुपट्यात गुंडाळलेल्या भाकरीएवढी वाटली, आणि तेवढीच ऊबदार. मी तिला आत घेऊन गेलो आणि लगेच पातेली गॅसवर चढवायला लागलो. सगळ्या शेगड्यांवर पातेली, वरण कुकरात न शिजता ताटकळलेलं. एक पातेलं न्हाणीपर्यंत नेईस्तोवर दुसरं उतू जायचं. मालिशवाली बाई पाटावर पाय पसरून, पायांवर बाळाला आडवं घेऊन बसलेली. तिनं पाण्यात कोपर बुडवलं.

"हे पाणी नाय जी, हा चहा झाला निवलेला," ती म्हणाली. "लेकराला एवढ्यात होतं, पण तुमच्या लेकीची कंबर काय याच्यानं शेकनार हाय का? चिरलंय तिचं पोट. शेक नीट बसला नाय तर थंडीत म्हातारपणापत्तोर ठणका लागंल."

लेक दारात उभी होती, भिंतीला टेकून. "बाबा, राहू दे. मला चालतं कोमट," ती म्हणाली. मला तेच सगळ्यात लागलं. बाई ओरडली, बायकोनं टोचलं, ते चालतं. पण जिचं पोट चिरलंय ती पोरगी मला समजावत होती, आणि थंडी वाढत चालली होती.

दुपारी मी गच्चीवर गेलो तेव्हा शेजारच्या काकू कठड्यावरून वाकल्या. त्यांना आमच्या घरातल्या पातेल्यांचा आवाज सकाळपासून ऐकू येत होता, भिंत एकच ना.

"काय वो मास्तर, लग्नाचा स्वयंपाक चाललाय का?"

मी सगळं सांगितलं. काकूंनी काकांकडं पाहिलं. काकांनी त्यांच्या सोलरकडं पाहिलं. तो आमच्या कठड्यापासून हाताच्या अंतरावर, काचा शाबूत, उन्हात चमकत उभा.

"त्याला पाइप जोडा," काका म्हणाले.

"कशाला?"

"आमच्या सोलरला वो. तिथून तुमच्या लाइनीत सोडा. आमी दोघं म्हातारा-म्हातारी, दोन बादल्यात आमचं भागतंय. बाकीचं पानी वरच राहतंय तापत."

"अहो काका, पण गरम पाणी गेलं की तेवढं गार पाणी तुमच्याच टाकीतून भरणार. नळाचं पाणी..."

इथं जरा सांगायला पाहिजे. गरम पाणी देणं ही आमच्या गावात मोठी गोष्ट नाही. पाणी देणं ही मोठी गोष्ट आहे. नळाच्या पाळ्या मोजून जगणाऱ्या गल्लीत एखाद्यानं आपली टाकी दुसऱ्याच्या लाइनीला जोडायची, हे सोनं काढून देण्यासारखंच. मी म्हणालो, मग मी एक टँकर मागवून तुमच्या हौदात टाकतो. त्यावर काकू अशा चिडल्या की काकाही दोन पावलं मागं सरकले.

"टँकर कामून, कशापायी? लेकरू काय एकट्या तुमच्या घरी आलंय व्हय? भिंत एक हाय आपली. रात्री ती रडली की मी उठून बसते. मला कुणी इचारलं का, तुमाला तरास होतोय का म्हनून? तसंच हे."

प्लंबर आला, त्यानं गरम पाण्याला चालेल असा जाड पाइप कठड्यावरून टाकून दोन्ही लाइनी जोडल्या. पाणी वाटेत गार होऊ नये म्हणून मी त्या पाइपला जुनी गोधडी फाडून गुंडाळली, वरून पोत्याचं कापड, वरून सुतळी. खाली बाथरूमपर्यंत उतरणारी आमची लाइन उत्तरेच्या भिंतीवरून येते, तिथं ऊन कधी लागत नाही. तिलाही काहीतरी हवं होतं. मी कपाटातून माझे जुने स्वेटर काढले. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सासूबाईंनी विणलेला बदामी स्वेटर त्यात होता. त्याची एक बाही पाइपाच्या कोपऱ्याला इतकी नेमकी बसली की जणू मापच घेतलेलं. बायकोनं खालून पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा त्याला बरा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी खाली नळ सोडला. आधी पाइपात थांबलेलं गार पाणी आलं, ते कुंड्यांसाठी बादलीत धरलं, ते कुणी सोडून देत नाही आमच्याकडं. मग कोमट, आणि मग वाफ. बाईनं कोपर बुडवलं आणि पटकन काढलं.

"हां," ती म्हणाली. "याला म्हनतात पानी."

त्या दिवसापासून आमचं घर दुरुस्त झालं. मालिश, आंघोळ, मग धुरी. आंघोळ झाली की नात असली गाढ झोपायची की गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळीही तिला उठवू शकत नसे. लेकीचा चेहरा उजळला. न्हाणीतून बाहेर येऊन, डोक्याला पंचा गुंडाळून ती एकदा म्हणाली, "बाबा, कंबर आज पहिल्यांदा माझी वाटली."  मी गच्चीवर जाऊन उगाचच सुतळी घट्ट केली.

प्लंबरच्या परसोंला मात्र आठवडा उलटला. रोज फोन, रोज "सर, गाडी में चढ गया".

आता काकांच्या आंघोळीबद्दल सांगायला पाहिजे. काका पहाटेच आंघोळ करतात, आणि आंघोळ करताना त्यांच्या जुन्या गाडीचे थांबे पुकारतात. सवय. त्यांच्या न्हाणीची खिडकी आमच्या जिन्याकडं उघडते, त्यामुळं आमच्या घरी पहाटेचा गजर लावावा लागत नाही. "नक्षत्रवाडीऽऽ," मग एक तांब्या. "चितेगाव, चितेगाव उतरा," मग अंग चोळणं. बिडकीनला साबण. ढोरकीनच्या पुढं जरा विसावा, तिथं बहुतेक पाठ. आणि शेवटी भरघोस, तृप्त आवाजात, "पैठऽऽण! सामान बघून घ्या!" म्हणजे बादली संपली. गरम पाण्यात भिजत केलेला तो सुखाचा प्रवास होता. पैठणला पोचायची त्यांना कधीच घाई नसायची.

पाइप जोडल्यापासून तीन-चार दिवसांनी बायको पहाटे दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेली होती. खाली येऊन तिनं चहा केला. त्यात साखर घालायची विसरली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काकांची गाडी थांबे घेत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उद्या ऐका."

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात उभा राहिलो. न्हाणीचं दार लागलं. पहिला तांब्या पडला, आणि आतून एका दमात, "नक्षत्रवाडीचितेगावबिडकीनढोरकीनपैठण!" संपलं. आवाज वरच्या पट्टीत, शेवटाला कापरा. मग दात वाजल्यासारखं काहीतरी आणि पंचा झटकल्याचा आवाज.

मी सरळ त्यांच्या दारात गेलो. काकूंनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि समजल्या.

"काका गार पाण्यानं आंघोळ करतायत?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. पुकारून."

काकूंनी आत बघून आवाज बारीक केला. "आवो, काय करावं. रातभर टाकीत ऱ्हायलेलं गरम पानी पहाटं आमी काढलं की तेवढं गार पानी आत शिरतंय आन् समदं कोमट होऊन बसतंय. बाई तर तुमच्याकडं अकराला येती. तवर ऊन कितीसं तापतंय या दिवसात? मी म्हनलं, मी दुपारी करीन माझी. तर हे म्हनले, मला पहाटंशिवाय जमत नाय, मी गारच घेतो."

"कोन हाय?" आतून काका आले. कानाला मफलर, अंगात दोन बंड्या, हातात वाफाळता चहा. नाक लाल. "तू काय सांगत बसली त्याला?"

"काका, हे बरं नाही. तुमचं वय काय, थंडी काय. सर्दी झालीय तुम्हाला."

"नाय झाली."

लगेच शिंकले.

"मास्तर," काका म्हणाले, "लेकरवाली बाई गाडीत चढली आन् जागा नसली तर मी माझी सीट देत हुतो. पैठणपत्तोर उभा. कुनाला इचारून नाय दिली. तिला कळूबी देत नव्हतो, मागं जाऊन तिकिटं फाडत बसायचो. तुमी आता आलाय ते मला आवडलं नाय."

 वर्गात साठ पोरांना उभं करणारा माणूस मी, तिथं चपला काढून पोरासारखा खाली बसलो. काकू म्हणाल्या, "चहा घ्या." घेतला. त्या चहात आलं जरा जास्तच होतं, डोळ्यांत पाणी आलं ते त्याचंच, असं मी घरी सांगितलं.

बायकोला ते पटलं नसावं, पण तिनं वाद घातला नाही. तिनं फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं. आता आमच्याकडं पाणी न्यायचं अंतर लोखंडी जिन्याचं नव्हतं. शेजारच्या दारापर्यंतच जायचं होतं, तेवढा विश्वास तिनं माझ्यावर टाकला. मी कढत पाण्याची बादली, वर झाकण, दोन्ही हातांनी धरून काकांच्या दारात नेऊन ठेवली.

"हे कामून?" काका म्हणाले.

"तुमचं तुम्हाला. आम्ही तिकडून घेतलं, इकडून दिलं."

"मास्तर, तुमी लई..." काका म्हणाले आणि बादली उचलून आत गेले. मी घरी येऊन जिन्यात उभा राहिलो. बायकोही आली, मागं लेक, कुशीत नात घेऊन, तिघी शालीत गुरफटून. आम्ही सगळे त्या खिडकीखाली उभे. तांब्या पडला.

"नक्षत्रवाडीऽऽ," आतून आलं. संथ. मग बराच वेळ काही नाही. मग खाकरून, "चितेगाव, सावकाश उतरा, सावकाश."

लेक तोंडावर शालीचा पदर दाबून हसत होती. पैठण यायला त्या दिवशी फार वेळ लागला, आणि आमच्यातलं कुणीही आत गेलं नाही.

नळ्या अखेर आल्या. प्लंबरनं त्या सकाळी, ऊन यायच्या आत, बसवल्या, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी अकराला खालच्या नळातून आमच्याच सोलरचं पाणी आलं. बाईनं कोपर बुडवून मान डोलावली. नात न्हाऊन झोपली. मी बायकोला म्हणालो, आपण फार उपकारात राहिलो या माणसांच्या, काहीतरी परत केलं पाहिजे. पैसे तर घेणार नाहीत, मिठाई काकांना चालत नाही. म्हणून मी आधीच काकांना शब्द देऊन आलो होतो, या रविवारी तुमचा सोलर मी स्वतः साफ करून देतो, तसला क्षार आता तुमच्याही टाकीत असणार.  काकांनी फक्त पेपर वर धरला होता.

मग मी पक्कड घेऊन गच्चीवर निघालो, कठड्यावरचा तो पाइप सोडवायला. गोधडीच्या चिंध्या सुटून लोंबत होत्या, बरं दिसत नव्हतं. बायको दुपटी वाळत घालत होती. तिनं चिमटा दातातून काढला.

"राहू द्या तो पाइप," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही त्यांचा सोलर साफ करणार आहात ना? मग सोमवारी त्यांना आपल्याकडून पाणी लागेल."